आल्प्समधील उंचावरच्या स्की रिसॉर्टची पहिली सहल कशी आखावी

आल्प्समधील स्की रिसॉर्ट निवडताना बहुतेक लोक आधी छायाचित्रे पाहतात, मग राहण्याचे दर पाहतात आणि उंचीचा आकडा केवळ कुतूहल म्हणून वाचतात. प्रत्यक्षात सगळे नियोजन त्या आकड्यापासूनच सुरू करावे लागते, कारण बर्फ किती दिवस टिकणार, पहिल्या रात्री झोप लागणार की नाही, वारा सुटल्यावर लिफ्ट चालू राहणार का आणि कपड्यांचे किती थर चढवायचे, हे सारे उंचीवर ठरते. त्यातही लक्षात ठेवायच्या उंची दोन: लिफ्ट जिथवर नेते ती आणि रात्री जिथे झोपायचे ती. जाहिरातीत पहिली मोठ्या अक्षरांत छापलेली असते; शरीराला मात्र दुसरीशी अधिक कर्तव्य असते.

स्वित्झर्लंडमधील झेरमाट आणि फ्रान्समधील वाल तोराँस यांची तुलना केली की हा फरक चटकन ध्यानात येतो. झेरमाट हे गाव साधारण १६२० मीटरवर आहे, परंतु तिथली केबल कार क्लाइन मॅटरहॉर्न या शिखरावर ३८८३ मीटरपर्यंत पोहोचवते आणि युरोपात याहून उंच केबल कारचे स्थानक नाही. वाल तोराँस हे १९७१ साली खास स्कीइंगसाठी सुरू झालेले रिसॉर्ट २३०० मीटरवर आहे आणि तिथल्या सर्वांत वरच्या लिफ्ट ३२०० मीटरच्या आसपास संपतात. म्हणजे झेरमाटला दिवसा पुष्कळ वर जायचे आणि रात्री बरेच खाली येऊन झोपायचे, तर वाल तोराँसला अंथरुणात शिरल्यावरही २३०० मीटरवरच राहायचे. फ्रान्समधील तीन्य साधारण २१०० मीटरवर, इटलीतील चेर्विनिया २०५० मीटरवर आणि ऑस्ट्रियातील ओबरगुर्गल १९३० मीटरवर आहे. बरोबर लहान मुले किंवा वयस्क मंडळी असतील आणि आठवडा जानेवारी-फेब्रुवारीतला असेल, तर १६०० ते १९०० मीटरवरचे गाव निवडावे, असे माझे मत आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या उत्तरार्धात जायचे असेल, तर मात्र २००० मीटरच्या वरचे ठिकाणच घ्यावे, कारण त्या दिवसांत खालच्या गावांत बर्फाऐवजी चिखल पाहावा लागण्याची शक्यता असते.

उंचावरच्या गावांची एक उणीव आधीच माहीत असलेली बरी. आल्प्समध्ये वृक्षरेषा, म्हणजे झाडे वाढण्याची वरची मर्यादा, साधारण २००० ते २२०० मीटरच्या दरम्यान असते, त्यामुळे वाल तोराँससारख्या ठिकाणी आजूबाजूला झाड म्हणून दिसत नाही. पाइनच्या जंगलात दडलेली लाकडी घरे आणि जुने चर्च असे चित्र मनात धरून येणारा माणूस तिथे थोडा हिरमुसतो. गाव सोयीचे असते, दारातून बाहेर पडताच स्की पायात चढवता येतात, पण त्याला जुन्या खेड्याचा चेहरा नसतो. शिवाय झाडे नसण्याचा संबंध केवळ सौंदर्याशी नाही. तो सुरक्षिततेशीही आहे आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

कधी जावे आणि कसे पोहोचावे

फ्रान्समधील शाळांची हिवाळी सुट्टी तीन विभागांत वाटलेली असते आणि ती फेब्रुवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत टप्प्याटप्प्याने चालते. त्या काळात दर चढलेले असतात, लिफ्टपुढे रांगा लागतात आणि शिकवणीच्या जागा आधीच भरून गेलेल्या असतात. जानेवारीत गर्दी कमी आणि बर्फ कोरडा असतो, परंतु थंडी कडक असते आणि दिवस लहान असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी मार्चचा मध्य सुचवीन: ऊन बऱ्यापैकी असते, दिवस मोठा झालेला असतो आणि उंचावर बर्फाचा थर अजून जाड असतो.

बहुतेक निवासस्थाने शनिवार ते शनिवार अशी आठवड्याने भाड्याने दिली जातात. परिणामी शनिवारी एक आख्खा जथा वरून खाली उतरत असतो आणि दुसरा त्याच रस्त्याने वर चढत असतो. वाल तोराँसकडे नेणाऱ्या तारांतेझ खोऱ्यात आल्बेरव्हील ते मूतिये हा रस्ता अशा शनिवारी तासन्‌तास तुंबतो. रविवारी किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी पोहोचण्याची मुभा देणारी जागा मिळाली, तर ती थोडी महाग असली तरी घ्यावी.

वाल तोराँससाठी जिनिव्हा, लियाँ किंवा शाँबेरीच्या विमानतळावर उतरून बसने जाता येते, किंवा पॅरिसहून रेल्वेने मूतियेपर्यंत येऊन तिथून बस पकडता येते. मूतियेपासून वर साधारण ३७ किलोमीटरचा घाट आहे आणि बसला सुमारे एक तास लागतो. घाटात पोट ढवळणाऱ्यांनी पुढची जागा धरावी आणि बसण्यापूर्वी भरपेट खाऊ नये. झेरमाटमध्ये पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या खासगी गाड्यांना प्रवेशच नाही; गाडी पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे ठेवून बारा मिनिटांच्या रेल्वेने गावात जावे लागते. संपूर्ण प्रवास रेल्वेने करणार असाल, तर फिस्प येथे गाडी बदलून थेट गावाच्या मध्यभागी उतरता येते.

फ्रान्समध्ये स्वतः गाडी चालवणार असाल, तर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात डोंगराळ भागांत हिवाळी टायर किंवा चाकांच्या साखळ्या असणे सक्तीचे आहे, हे ध्यानात ठेवावे. जिनिव्हा विमानतळाला स्विस आणि फ्रेंच अशा दोन बाजू आहेत आणि कोणत्या बाजूने गाडी घेतली त्यावर तिला हिवाळी टायर आहेत की नाहीत हे अवलंबून असू शकते; म्हणून आरक्षण करतानाच स्पष्ट विचारावे. साखळ्या घ्याव्या लागल्या, तर त्या चढवण्याचा सराव वाहनतळावर उजेडात एकदा करून पाहावा. अंधारात, वाऱ्यात, गोठलेल्या बोटांनी ते काम प्रथमच करण्याची वेळ येऊ नये.

पहिले दोन दिवस शरीराचे

२३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश असतो आणि ३२०० मीटरवर तो सुमारे दोन-तृतीयांशांवर येतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेवढेच राहते, पण दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. बॅगा घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागते, पहिल्या रात्री झोप तुटक येते, तोंडाला कोरड पडते, डोके किंचित जड वाटते. निरोगी माणसाला यात घाबरण्यासारखे काही नाही आणि एक-दोन दिवसांत ते निवळते. उंचीचा खरा त्रास सहसा २५०० मीटरच्या वर जाणवू लागतो, परंतु कोणाला तो लवकर गाठेल हे वयावरून किंवा तब्येतीवरून सांगता येत नाही. रोज धावणारा तरुण आडवा पडतो आणि त्याची मावशी मजेत फिरते, असेही घडते.

म्हणून पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थेट सर्वांत वरच्या लिफ्टने जाण्याचा मोह टाळावा. केबल कार माणसाला काही मिनिटांत हजारभर मीटर वर नेते आणि शरीराला तेवढ्यात जुळवून घेता येत नाही. पहिला दिवस गावाच्या आसपासच्या सौम्य उतारांवर घालवावा, पाणी वारंवार प्यावे आणि पहिल्या संध्याकाळी मद्य टाळावे. डोकेदुखीबरोबर मळमळ सुरू झाली, तर आणखी वर जाऊ नये. विश्रांतीनंतरही त्रास वाढत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलणे असंबद्ध होत असेल, तर वाट न पाहता खाली उतरावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी, जागा आरक्षित करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी नेमक्या उंचीचा आकडा सांगून बोलावे.

उन्हाचा मारा थंडीमुळे जाणवत नाही, हीच त्यातली फसवणूक आहे. दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत वर फेकतो. त्यामुळे हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या कडेला आणि कानांच्या पाळ्यांना, जिथे एरवी ऊन पोहोचत नाही अशा जागी कातडी भाजते. पन्नास एसपीएफचे मलम सकाळी आणि पुन्हा दुपारी लावावे. चष्म्याशिवाय काही तास बर्फावर काढले, तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, तेच हिमांधत्व.

कपडे, बूट आणि स्की

दर शंभर मीटर चढल्यावर तापमान साधारण ०.६५ अंशाने उतरते, म्हणजे गावात शून्य असेल तर नऊशे मीटर वर उणे सहा आणि वाऱ्यात त्याहूनही बोचरे. एकच जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन थर बरे: अंगाला लागून घाम शोषून बाहेर टाकणारा लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर फ्लीस, आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जॅकेट. सुती बनियन मात्र नको. ते घामाने भिजले की चेअरलिफ्टवर बसल्या बसल्या अंगाशी गार पडते. जॅकेट आणि पँट ओळखीच्या कोणाकडून मागून आणली तरी चालते. हातमोजे आणि गॉगल यांवर मात्र काटकसर करू नये. गॉगलच्या दोन काचा असाव्यात, उन्हासाठी गडद आणि ढगाळ हवेसाठी फिकट पिवळी किंवा गुलाबी. माझ्या पहिल्या सहलीत फिकट काच खोलीतच राहिली होती आणि दुपारी ढग खाली उतरल्यावर मी गडद काचेतून स्वतःच्या स्कीची टोकेही धड पाहू शकत नव्हतो.

स्की, काठ्या, बूट आणि हेल्मेट भाड्याने मिळतात आणि दुकानात जाऊन घेण्यापेक्षा आधी ऑनलाइन आरक्षण केल्यास बऱ्याचदा स्वस्त पडतात. या सगळ्यांत बुटाला सर्वाधिक वेळ द्यावा, कारण स्की कितीही चांगल्या असल्या तरी त्यांना वळवण्याचे काम बूटच करतो. पायात एकच पातळ, गुडघ्यापर्यंत येणारा मोजा असावा. ऊब मिळावी म्हणून दोन जाड मोजे घालणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे, कारण त्यामुळे रक्तप्रवाह अडतो आणि पाय उलट अधिक गार पडतात. आतल्या पायजम्याची कड बुटात अडकू देऊ नये, नाहीतर संध्याकाळपर्यंत नडगीवर लाल वळ उठतो. बूट चढवून टाच जमिनीवर आपटून मागे सरकवावी आणि मग बकले खालून वर या क्रमाने लावावीत. सरळ उभे राहिल्यावर अंगठ्याचे टोक पुढच्या भिंतीला हलकेच टेकले पाहिजे आणि गुडघे पुढे वाकवल्यावर ते मागे सुटले पाहिजे. टाच मात्र कोणत्याही स्थितीत वर उचलली जाता कामा नये. दुकानदार ऐसपैस माप देऊ करतो, आपल्यालाही ते सुखाचे वाटते आणि दुसऱ्या दिवशी पाय बुटात आणि बूट बर्फात वेगवेगळ्या दिशांना जातात. एका दुकानातून असेच एक माप मोठे बूट घेऊन मी दीड दिवस स्वतःच्या गुडघ्यांना दोष देत राहिलो होतो. बूट बदलून देणे हा दुकानाच्या सेवेचाच भाग असतो. संकोच न करता परत जावे.

स्कीची लांबी नवशिक्यासाठी हनुवटीपर्यंत पुरेशी आहे. बाइंडिंग, म्हणजे बुटाला स्कीवर धरून ठेवणारी पकड, बसवताना दुकानदार वजन, उंची, वय आणि कौशल्य विचारतो, आणि इथे फुशारकी मारू नये. कौशल्य वाढवून सांगितले की बाइंडिंग अधिक घट्ट बसवले जाते, पडल्यावर बूट स्कीतून सुटत नाही आणि मुरगळणारा गुडघा त्याची किंमत मोजतो. वजनही खरेच सांगावे.

उतारावर

आधी कधी स्कीइंग केले नसेल, तर निदान तीन दिवसांची शिकवणी घ्यावी. फ्रान्समध्ये लाल जॅकेटवाल्या ईएसएफच्या (फ्रेंच स्की शाळा या संस्थेच्या) शाळा जवळजवळ प्रत्येक रिसॉर्टमध्ये आहेत आणि इतर खासगी शाळाही असतात. सुट्ट्यांच्या काळात इंग्रजीतून शिकवणाऱ्या तुकडीची जागा आधीच ठरवावी. मित्राकडून शिकण्याने मैत्री आणि स्कीइंग दोन्ही धोक्यात येतात. पहिल्या दिवशी संपूर्ण क्षेत्राचा लिफ्टचा पास घेण्याचे कारण नाही. वाल तोराँस ज्यात मोडते ते त्र्वा व्हाले क्षेत्र ६०० किलोमीटर उतारांचे आहे, पण नवशिक्याला त्यातले दोन-तीन किलोमीटरही पुरतात. नवशिक्यांसाठी मर्यादित पास असतो आणि अनेक फ्रेंच रिसॉर्टमध्ये सरकत्या पट्ट्याच्या काही छोट्या लिफ्ट विनामूल्यही असतात. पास म्हणजे एक कार्ड असते, ते जॅकेटच्या डाव्या खिशात एकटेच ठेवायचे; शेजारी मोबाइल असला की फाटक उघडत नाही आणि मागची रांग खोळंबते.

स्की पायात चढवण्याची एक रीत आहे. दोन्ही स्की उताराला आडव्या ठेवाव्यात, बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काठीने खरवडून काढावा, आधी उताराच्या खालच्या बाजूची स्की घ्यावी, बुटाचे पुढचे टोक बाइंडिंगमध्ये सरकवावे आणि मग टाच जोराने दाबावी. कट्ट असा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही, तर तळाला अजून बर्फ चिकटलेला आहे असे समजावे. पडल्यावर उठतानाही हेच तत्त्व लागू पडते: स्की शरीराच्या खालच्या बाजूला आणि उताराला आडव्या आणल्याशिवाय उठण्याचा प्रयत्न केला, तर उठता उठता पुन्हा घसरायला होते.

चेअरलिफ्टची भीती पहिल्या दिवशी सर्वांनाच वाटते. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून दोन्ही काठ्या एका हातात धराव्यात, पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी, खुणेच्या रेषेवर उभे राहून मागे वळून पाहावे आणि खुर्ची गुडघ्यांमागे टेकली की बसावे. आडवा दांडा लगेच खाली घ्यावा. वर पोहोचताना फलकावर सांगितलेल्या जागीच तो उचलावा, स्कीची टोके वर ठेवावीत आणि उतरल्यावर थेट पुढे घसरत जावे. तिथेच थांबून मागच्यांची वाट पाहणारा माणूस मागून येणाऱ्या प्रत्येक खुर्चीला आडवा येतो.

फ्रान्समध्ये उतारांचे रंग चार आहेत: हिरवा सर्वांत सोपा, मग निळा, लाल आणि काळा. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि इटलीमध्ये सहसा निळ्यापासूनच सुरुवात होते, त्यामुळे फ्रान्समध्ये हिरव्यावर शिकलेल्या माणसाने तिथला निळा आपल्याला सोपाच जाईल असे गृहीत धरू नये. शिवाय रंग त्या उताराची सर्वसाधारण अवघडता सांगतो, आजची स्थिती सांगत नाही. सकाळी दगडासारखा घट्ट असलेला निळा उतार दुपारच्या भुसभुशीत लाल उतारापेक्षा अवघड जाऊ शकतो. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी पूर्वेकडे तोंड असलेले उतार आधी मऊ होतात आणि दुपारनंतर ऊन पश्चिमेकडच्या उतारांवर सरकते. ऊन जसे फिरेल तसे आपणही फिरत राहावे, म्हणजे घट्ट बर्फ आणि चिखलासारखा लगदा या दोन्हींतून सुटका होते.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने ठरवलेले वर्तनाचे दहा नियम सर्वत्र पाळले जातात आणि अपघात झाल्यास दोष कोणाचा हे ठरवताना त्यांचा आधार घेतला जातो. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा असा: पुढे असलेल्याचा मार्ग मागून येणाऱ्याने सांभाळायचा. पुढचा माणूस अचानक वळला तरी धडक टाळण्याची जबाबदारी मागच्याचीच. थांबायचे असेल तर उताराच्या कडेला थांबावे, चढाच्या पलीकडे किंवा अरुंद जागी मध्येच बसू नये. अपघात झाल्यास मदत करणे आणि नाव-पत्ता सांगणे हेही नियमांतच आहे. अपघातस्थळी वरच्या बाजूला दोन स्की बर्फात फुलीसारख्या रोवाव्यात आणि ११२ वर किंवा पासवर अथवा नकाशावर छापलेल्या बचावपथकाच्या क्रमांकावर फोन करावा. फोन करताना उताराचे नाव आणि कडेच्या जवळच्या खांबावरचा क्रमांक सांगता आला, तर मदत लवकर पोहोचते. फ्रान्समध्ये हे क्रमांक खाली जाताना कमी कमी होत जातात, त्यामुळे पायथा किती राहिला याचाही अंदाज येतो.

ढग उतरल्यावर, आणि शेवटची लिफ्ट

झाडे नसण्याचा प्रश्न इथे येतो. जंगलातल्या उतारावर ढग आले तरी दोन्ही बाजूंची झाडे नजरेला आधार देतात. २३०० मीटरच्या वर ढग उतरले की आकाश आणि जमीन यांच्यातली रेषा पुसली जाते, खड्डा आणि उंचवटा एकसारखे पांढरे दिसतात आणि आपण थांबलो आहोत की घसरत आहोत हेसुद्धा कळेनासे होते. अशा वेळी कडेच्या खांबांना धरून, एका खांबावरून पुढचा दिसला तरच पुढे जावे. फ्रेंच उतारांवर खाली जाताना उजव्या हाताच्या खांबांचा नारिंगी भाग डावीकडच्यापेक्षा लांब असतो, म्हणजे आपण उताराच्या कोणत्या कडेला आहोत ते कळते. सोबत्यांपैकी सर्वांत हळू जाणाऱ्याला मध्ये ठेवावे. पर्याय असेल, तर अशा दिवशी लिफ्टने खालच्या जंगलातल्या उतारांकडे जावे, किंवा सरळ सुट्टी घ्यावी. आठवड्यात असा एखादा दिवस येणार हे धरूनच चालावे.

वारा हा ढगांहूनही त्रासदायक, कारण तो आधी कड्यांवरच्या लिफ्ट बंद पाडतो आणि नेमक्या त्याच लिफ्ट दोन खोऱ्यांना जोडत असतात. वाल तोराँसहून शेजारच्या खोऱ्यांतील मेरीबेल किंवा कुर्शवेलला स्कीवर जाणे ही त्र्वा व्हालेची खरी गंमत आहे, परंतु परतीची जोड-लिफ्ट चुकली तर रस्त्याने आधी खोऱ्याच्या तळापर्यंत उतरून पुन्हा दुसऱ्या बाजूने वर चढावे लागते, आणि त्या टॅक्सीचे भाडे कित्येक दिवस आठवणीत राहते. नकाशावर किंवा मोबाइलवर सकाळीच परतीच्या प्रत्येक जोड-लिफ्टची बंद होण्याची वेळ पाहावी आणि त्याआधी निदान एक तास परत फिरावे. दुपारी तीननंतर पाय थकलेले, उतार खरबरीत झालेले आणि प्रकाश मंदावलेला असतो. घाई करण्यासाठी याहून वाईट वेळ नाही.

खांबांच्या बाहेर गेलात की नियम बदलतात. अस्पर्शित बर्फावर इतरांच्या स्कीच्या रेषा दिसल्या म्हणून ती जागा सुरक्षित ठरत नाही. युरोपात हिमस्खलनाचा धोका एक ते पाच या श्रेणीत जाहीर केला जातो आणि तीन हा आकडा मधला असल्यामुळे अनेकांना तो सौम्य वाटतो. प्रत्यक्षात जीवघेण्या अपघातांपैकी बरेच अपघात तीनच्या दिवशीच होतात. बर्फाखाली शोध घेणारे ट्रान्सीव्हर, फावडे आणि शोधकाठी, ही तिन्ही साधने वापरण्याचा सराव, आणि सोबत मार्गदर्शक, एवढे असल्याशिवाय खांब ओलांडू नयेत. पहिल्या सहलीत तर ओलांडूच नयेत.

विम्याविषयी थोडक्यात. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, परंतु त्यात हिवाळी खेळ, उतारावरून स्लेजने खाली आणणे आणि हेलिकॉप्टरचा खर्च अंतर्भूत असेलच असे नाही. अटींतील ते वाक्य शोधून वाचावे. फ्रान्समध्ये उतारावरील बचावाचे शुल्क आकारले जाते आणि लिफ्टच्या पासबरोबर दिवसाच्या हिशेबाने थोड्या युरोंत बचाव-विमाही मिळतो; तो घ्यावा. इटलीत २०२२ पासून दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी घेणारा विमा प्रत्येक स्कीअरला कायद्याने सक्तीचा आहे. हेल्मेटबाबत कायदा कुठे काय सांगतो हे शोधत बसण्यापेक्षा ते डोक्यावर चढवावे.

ज्यांना स्कीइंग करायचे नाही

सोबतच्या प्रत्येकाने स्की चढवलीच पाहिजे असे नाही. पायी फिरणाऱ्यांसाठी काही गोंडोला आणि केबल कारचा स्वतंत्र पास असतो. झेरमाटहून १८९८ पासून चालणारी दातेरी रुळांची रेल्वे गॉर्नरग्राटला ३०८९ मीटरवर नेते आणि खिडकीतून मॅटरहॉर्न पाहण्यासाठी एवढे पुरेसे आहे. वर जाताना उजवीकडे बसावे. वाल तोराँसला सहा किलोमीटर लांबीचा स्लेजचा उतार आहे. पायी फिरताना मात्र स्कीच्या उतारावर चालू नये, आखून दिलेल्या पायवाटेनेच जावे.

जेवणाबाबत एकच सूचना. वाल तोराँस ज्या भागात येते त्या सावोयचे पदार्थ चीज आणि बटाट्यांवर उभे असल्यामुळे शाकाहारी माणसाला ते आपलेसे वाटतात, परंतु तार्तिफ्लेतमध्ये रब्लोशाँ चीज, बटाटे आणि कांद्याबरोबर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात आणि राक्लेत या वितळवलेल्या चीजच्या पदार्थाबरोबरही हॅमचे काप येतात. मागवतानाच "साँ व्हियाँद", म्हणजे मांसाशिवाय, असे सांगावे. वरच्या उपाहारगृहांत दर चढे असतात, म्हणून खिशात सुका मेवा आणि चॉकलेट असू द्यावे. थंडीत चॉकलेट टणक होते, ते आतल्या थराच्या खिशात ठेवावे.

शेवटच्या दिवशी स्की आणि बूट आदल्या संध्याकाळीच परत करून टाकावेत, कारण शनिवारी सकाळी दुकानापुढे आणि बसथांब्यावर एकाच वेळी रांग असते. गॉगल पुसून, कोरडा करून पिशवीत घालावा. लिफ्टचे कार्ड मात्र फेकू नये. फ्रान्समध्ये तेच कार्ड पुढच्या वेळी ऑनलाइन भरता येते आणि पास घेण्यासाठी पहिल्या सकाळची खिडकीपुढची रांग टळते.